कांदा फुलवणाऱ्या मुलखात

जालन्याहून पूर्वेला निघणारा जुना नागपूर रस्ता सिंदखेडराजा, मेहकर, केनवड, मालेगाव अशी गावं जोडत पुढे कारंज्याकडे जातो. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळल्या. आता या रस्त्यावर वर्दळ असते ती आसपासच्या गावांची. बैलगाड्या, सोयाबीनची पोती लादलेले ट्रॅक्टर, आठवडी बाजाराला निघालेली माणसं. मी दिवाळीनंतरच्या दिवसांत मुद्दाम याच रस्त्याने निघालो. महाराष्ट्राच्या शेतांत पेरल्या जाणाऱ्या बियाण्याचा मोठा वाटा या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तयार होतो आणि त्यातलं कांद्याचं बी कसं जन्माला येतं, ते मला पाहायचं होतं.

सुरुवात जालन्यापासून करण्याला कारण आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी काढली. पुढे त्यांना १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागे एकेक करत अनेक बियाणे कंपन्या या शहरात उभ्या राहिल्या. कंपनीला संशोधनाची शेतं थोडी लागतात, पण बियाणं वाढवायला शेकडो शेतकऱ्यांची जमीन, पाणी आणि हात लागतात. ते जालन्याच्या पूर्वेला सापडले. बुलडाण्यातले देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर आणि मग जिल्ह्याची हद्द ओलांडून वाशिममधले रिसोड आणि मालेगाव हे तालुके. पाऊस बेताचा, जमीन मध्यम, हिवाळा कोरडा आणि थंड. नुसतं धान्य पिकवणाऱ्याला हे हवामान फारसं उदार नाही. बियाण्याला मात्र ते मानवतं, कारण बी पक्व होताना कोरडी हवा असेल तर बुरशी कमी लागते आणि उगवणशक्ती टिकते.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आणि त्यांची समाधी पाहायला लोक थांबतात. जिजाऊंचं हे जन्मगाव. दर वर्षी १२ जानेवारीला इथे लाखोंची गर्दी होते. त्या दिवसांत येणाऱ्याला गावाबाहेरची पांढरी-हिरवी शेडनेटं दिसत असतील, पण आत काय चाललंय हे क्वचितच कोणी विचारत असेल. आत मिरची, टोमॅटो, काकडी यांच्या संकरित बियाण्याचं काम चालतं. बाया मिरची-टोमॅटोच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढतात आणि दुसऱ्या दिवशी हाताने परागकण लावतात. एका फळामागे एका माणसाची नजर खर्च झालेली असते. किनगावराजा, दुसरबीड मागे टाकत पुढे गेलं की शेडनेटं विरळ होतात आणि उघडी शेतं सुरू होतात.

मेहकरला पैनगंगा भेटते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे अजून लहान आहे. गावातल्या शारंगधर बालाजीच्या मंदिरातली काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती पाहिली की या भागाच्या जुन्या वैभवाची कल्पना येते. अबुल फजलच्या ऐने-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये, म्हणजे महसुली विभागांमध्ये, मेहकर आणि बाशीम या दोन्ही नावांची नोंद आहे. बाशीम म्हणजे आजचं वाशिम. त्याही आधी वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म तिथेच होती. एवढा जुना इतिहास असलेला वाशिम जिल्हा कागदोपत्री मात्र तरुण आहे. अकोल्यापासून तो १ जुलै १९९८ला वेगळा झाला. देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही त्याचं नाव आहे, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि पायाभूत सुविधा यांत मागे असलेल्या जिल्ह्यांत. मेहकर सोडून केनवडकडे जाताना मी हीच ओळख मनात धरून होतो. पुढे जे पाहिलं त्याने ती ओळख फार अपुरी असल्याचं कळलं.

केनवड रिसोड तालुक्यात येतं. भोवती लाटांसारखी चढउतार असलेली पठारी जमीन. खोलगट भागात काळी, चढावर मुरमाड. दसरा-दिवाळीत सोयाबीन निघालेलं असतं, तूर उभी असते आणि विहिरीचं किंवा शेततळ्याचं पाणी ज्यांच्याकडे आहे त्यांची रब्बीची धांदल सुरू होते. बाकीच्या वऱ्हाडात या दिवसांत हरभरा आणि गव्हाची बोलणी असतात. इथे त्यांच्या जोडीला ऐकू येते बीजवाई. बीजवाई म्हणजे बियाण्यासाठी घेतलेलं पीक आणि या भागात ते बहुतेक वेळा कांद्याचं असतं.

एका शेतातल्या गोठ्यापुढे, कडुनिंबाच्या सावलीत कांद्याचा ढीग पडला होता. मध्यम आकाराचे, घट्ट, गोल, पातळ मानेचे कांदे. दहा-बारा बाया गोल करून बसल्या होत्या आणि प्रत्येक कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा विळ्याने कापून टाकत होत्या. जमिनीत लावायचा कांदा आधी कापायचा, हे पहिल्यांदाच पाहताना मला विचित्र वाटलं. मी शेतमालकाला विचारलं, तर उत्तर त्याच्या आईने दिलं.

“कापल्याबिगर त्याच्या पोटातलं कसं समजन, भाऊ?” तिने एक कापलेला कांदा माझ्यापुढे धरला. “हे पाय. एक डोया पायजे. दोन डोयाचा कांदा खायले चालते, बीजवाईले नाई चालत.”

कापलेल्या कांद्यात मधोमध एकच केंद्र होतं आणि त्याभोवती पाकळ्यांचे गोल. तिने बाजूला टाकलेल्या कांद्यात दोन केंद्रं होती, दुसऱ्या एकाच्या आतल्या पाकळीला तपकिरी छटा होती. बाहेरून ते दोन्ही कांदे निर्दोष दिसत होते. जोडकांदा लावला तर त्याच्या बियांतून पुढच्या पिकात जोडकांद्यांचं प्रमाण वाढतं. आतून सडका लावला तर तो जमिनीत नासतो आणि शेजारच्यालाही बाधतो. कापण्याचा आणखी एक उपयोग आहे. कांद्याच्या मानेजवळच्या सुकलेल्या पापुद्र्यांचा अडथळा निघाला की कोंब लवकर आणि सगळ्या शेतात जवळपास एकाच वेळी वर येतात. पीक एकसारखं वाढलं की फुलंही एका सुमाराला येतात आणि बी एका सुमाराला पिकतं.

कापलेले कांदे मग कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवले जातात. प्रमाण साधारण लिटरला एक ग्रॅम. कापलेला भाग म्हणजे उघडी जखम आहे आणि मातीतल्या बुरशीला तिथूनच वाट मिळते. काही जण रसायनाऐवजी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरतात. कांदे काही मिनिटं बुडवून सावलीत निथळवले जातात आणि मग सरी-वरंब्यावर लावले जातात. दोन ओळींत साठ सेंटीमीटर आणि दोन कांद्यांत तीस, अशी शिफारस आहे. हेक्टरी पंचवीस ते तीस क्विंटल कांदे लागतात. बुडवण्याचं काम करणाऱ्या दोघींच्या हातांत रबरी मोजे होते, बाकीच्या काहींच्या नव्हते. हे काम पाहायला गेलेल्या प्रत्येकाने त्याबद्दल बोललं पाहिजे, म्हणून मीही बोललो. मोजे फार स्वस्त असतात आणि औषध त्वचेतून आत जातं.

केनवडच्या अंगणात बसून मला काश्मीरची आठवण येत होती. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या जवळ ट्यूलिपची मोठी बाग आहे. ती २००७ साली खुली झाली. तिथलेही कंद याच सुमाराला, हिवाळ्याच्या तोंडाशी लावले जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. ट्यूलिप आणि कांदा दोन्ही कंदांची पिकं. दोघांच्याही फुलाचं भवितव्य लागवडीआधी कंदाला काय वागणूक मिळाली यावर अवलंबून असतं. पण दोघांची रीत वेगळी आहे आणि तो फरक समजल्यावर केनवडच्या कामाचा अर्थ मला अधिक नीट कळला.

ट्यूलिपचं फूल कंदाच्या पोटात आधीच तयार होतं. उन्हाळ्यात कंद जमिनीतून काढला की साधारण सतरा ते वीस अंश तापमानात तो ठेवतात. त्या काळात आतल्या अंकुरात पाकळ्या, पुंकेसर आणि शेवटी स्त्रीकेसर असे एकामागून एक अवयव घडतात. हॉलंडमधले जाणकार बागायतदार प्रत्येक लॉटमधले थोडे कंद मधोमध कापून भिंगाखाली तपासतात. स्त्रीकेसर दिसला की फूल पूर्ण झालं. त्यानंतरच कंदांना थंडीत ठेवतात, पाच ते नऊ अंशांत, बारा ते सोळा आठवडे. ही थंडी फूल घडवत नाही. ती फुलाचा दांडा लांब व्हायला लागते. थंडी घाईने दिली तर फूल आतच वाळून जातं, कमी दिली तर दांडा आखूड राहतो आणि फूल पानांतच अडकतं. साठवणीत फ्युझेरियम बुरशीने सडलेला एखादा कंद राहिला तर त्यातून इथिलिन वायू निघतो आणि आसपासच्या निरोगी कंदांमधली फुलंही मरतात. दिल्लीत हिवाळ्यात रस्त्यांच्या कडेला फुलणारे ट्यूलिपचे बहुतेक कंद अशी थंडी घेऊनच परदेशातून येतात. फुलून गेल्यावर दिल्लीच्या उन्हात ते पुढच्या वर्षासाठी टिकत नाहीत.

कांद्याचं उलट आहे. नोव्हेंबरात कापलेल्या कांद्याच्या पोटात फूल नसतंच. बुडाशी चपट्या खोडावर वाढीचा एक अंकुर असतो आणि तो फक्त पानं घडवत असतो. त्याला पुरेशी थंडी मिळाली, साधारण नऊ ते बारा-तेरा अंशांची, तेव्हाच तो पानांचं काम सोडून फुलाचा दांडा घडवायला घेतो. म्हणजे ट्यूलिपला थंडी लागते ती तयार फूल वर आणायला आणि कांद्याला लागते ती मुळात फूल घडवायला. आपल्याकडच्या जातींना युरोपातल्या कांद्याइतकी कडक थंडी लागत नाही, म्हणून तर महाराष्ट्रात कांद्याचं बी होऊ शकतं. तरीही रात्री थंड नसतील तर दांडे कमी येतात.

लागवडीआधीचे महिने म्हणूनच इतके मोलाचे. रब्बी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. तो सावलीत सुकवून हवेशीर चाळीत ठेवतात. शून्याच्या जवळपास किंवा तिसाच्या वर तापमान असेल तर कांदा झोपून राहतो. दहा ते वीस अंशांत त्याला सगळ्यात लवकर कोंब येतो. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात चाळीतला कांदा उष्णतेमुळे निजलेला असतो आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की सड आणि कोंब सुरू होतात. ऑक्टोबरपर्यंत चाळीत जे टिकतात तेच बीजवाईच्या लायकीचे. या अर्थाने चाळ हीसुद्धा एक परीक्षा आहे. टिकाऊ कांद्याचंच बी पुढे जातं आणि टिकाऊपणा पुढच्या पिढीत उतरतो. काही ठिकाणी लागवडीआधी कांदे दोन-तीन आठवडे दहा-बारा अंशांच्या शीतगृहात ठेवून मग लावतात. त्यामुळे फुलाचे दांडे लवकर आणि जास्त येतात. केनवडसारख्या गावात शीतगृह हाताशी नसतं. तिथली थंडी म्हणजे मार्गशीर्ष-पौषातल्या रात्री. म्हणूनच लागवड ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायची घाई असते. उशीर झाला तर थंड रात्री कमी मिळतात आणि फुलं मार्चच्या कडक उन्हात सापडतात.

केनवडात मला ज्याने सगळ्यात जास्त थक्क केलं ते मात्र वेगळंच होतं. ज्या थंडीची इथे वाट पाहतात तिचीच नाशिककडच्या शेतकऱ्याला धास्ती असते. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या शेतात कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आले की तो कांदा पोकळ होतो, टिकत नाही आणि भाव मिळत नाही. एकच पीक, एकच थंडी. एकाला फूल हवं आहे आणि दुसऱ्याला ते कधीच नको आहे. आणि नाशिकच्या शेतात फूल येऊ नये याची पहिली काळजी केनवडच्या अंगणात घेतली जाते. पहिल्याच वर्षी डेंगळा टाकणारा कांदा बीजवाईला वापरायचा नाही, हा इथला कडक नियम आहे. लवकर फुलण्याचा तो स्वभाव बियांतून पुढे उतरतो. ज्या कांद्याने पहिल्या हिवाळ्यात मोह आवरला त्यालाच दुसऱ्या हिवाळ्यात फुलू द्यायचं.

हा नियम पाळणं सोपं नाही. डेंगळे आलेला कांदा बाजारात जात नाही, तो फुकट किंवा अगदी स्वस्त मिळतो, लावला तर हमखास फुलतो आणि बीही देतो. त्या बियांची पिशवी दिसायला बाकीच्या पिशव्यांसारखीच असते. फसवणूक कळते ती वर्षभराने, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्याच शेतात. चांगलं पीक साधलं तर हेक्टरी आठ ते दहा क्विंटल बी मिळतं आणि एक हेक्टर रब्बी कांद्याची रोपं तयार करायला आठ ते दहा किलो बी लागतं. म्हणजे केनवडच्या एका हेक्टरावर ऐंशी ते सव्वाशे हेक्टरांचा कांदा अवलंबून असतो. त्या सावलीत बसून कांदे निवडणाऱ्या बाया किती मोठ्या क्षेत्राचं भवितव्य हातात घेऊन बसल्या होत्या, हे त्या हिशेबाने कळतं. त्यांना मिळते ती दिवसाची मजुरी.

माघ महिन्यात मी पुन्हा केनवडात गेलो, तेव्हा ओळखू येऊ नये इतकं शिवार बदललं होतं. सोयाबीनच्या जागी कमरेच्याही वर वाढलेले पोकळ हिरवे दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा. एकेका कांद्याला कुठे तीन, कुठे सहा-सात दांडे. लावताना कांदा मोठा होता तिथे दांडे जास्त, लहान होता तिथे कमी. मोठ्या कांद्याने बी वाढतं, पण बेण्याचा खर्चही वाढतो, म्हणून साडेचार ते सहा सेंटीमीटर व्यासाचा मध्यम कांदा बहुतेक जण पसंत करतात. हवेत कांद्याचा उग्र वास नव्हता. गोंड्यांना मधाचा मंद गंध येत होता.

एका गोंड्यात कित्येकशे फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. दोन ते चार आठवडे फुलण्याचा क्रम चालतो. प्रत्येक फुलात आधी पुंकेसर पिकतात, परागकण सुटतात आणि मग दोन-तीन दिवसांनी स्त्रीकेसर परागकण घ्यायला तयार होतो. त्यामुळे फुलाला स्वतःचे परागकण उपयोगी पडत नाहीत, दुसऱ्या फुलाचे आणून द्यावे लागतात आणि ते काम माश्या करतात. एका फुलात तीन कप्पे, प्रत्येकात दोन बिया धरू शकतात. माशी आली नाही तर सहापैकी एकही धरत नाही. लागवडीआधी कांद्यावर घेतलेली सगळी मेहनत शेवटी या किड्याच्या पंखांवर येऊन थांबते.

बांधावर मधमाश्यांच्या पेट्या होत्या, पण त्यांच्यावरच सगळं सोपवलेलं नव्हतं. शिवारातल्या आग्या माश्या आणि फुलोरी माश्याही गोंड्यांवर होत्या. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे शेजारी दुसरं गोड फूल असलं की माश्या कांद्याकडे पाठ फिरवतात. शेतमालकाने सांगितलं की फुलोऱ्यात ते कीटकनाशक फवारत नाहीत. “माशी मेली तं बी मेलं.” पण फुलकिडे आणि जांभळा करपा कांद्याला याच दिवसांत गाठतात आणि शेजारच्या हरभऱ्यावर कोणी दिवसाउजेडी फवारणी केली तर पेटीतली माशी काही बांध ओळखत नाही. त्यामुळे फवारणी संध्याकाळी करायची, असं काही शेतकरी शेजाऱ्यांशी बोलून ठरवतात.

शेजाऱ्यांशी बोलावं लागतं ते आणखी एका कारणासाठी. एका जातीच्या शेतातली माशी दुसऱ्या जातीच्या शेतात गेली तर बी भेसळ होतं. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींच्या शेतांत किमान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर ठेवावं लागतं. आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत एवढं अंतर एकट्याच्या मालकीत मिळणं अशक्य. म्हणून एका शिवारात एकच जात लावायची हे गावाने मिळून ठरवावं लागतं. बीजवाईने गावाला एकत्र बसायला लावलं आहे. कंपनीचा माणूस लागवडीपासून काढणीपर्यंत चकरा मारतो, भेसळीची झाडं उपटायला लावतो. काही शेतकरी कंपनीशी करार न करता स्वतःच बी तयार करून विकतात. त्यात नफ्याची आशा जास्त आणि भाव कोसळण्याची भीतीही जास्त.

माघातले दिवस या भागात सगळे आभाळाकडे बघत-बघत काढतात. फेब्रुवारी २०१८मध्ये जालना, बुलडाणा आणि वाशिम जिल्ह्यांना गारपिटीने झोडपलं. गहू आडवा झाला तरी थोडाफार उभा राहतो. कांद्याचा पोकळ दांडा एकदा मोडला की त्यावरचा गोंडा संपला. दीड वर्षाची मेहनत, आधी बेण्याचा कांदा पिकवायचा, मग चाळीत जपायचा, मग निवडून, कापून, बुडवून लावायचा, हे सगळं गारांच्या दहा मिनिटांत जातं. पुन्हा लावायचं म्हटलं तर बेणं शिल्लक नसतं आणि थंडीही सरलेली असते.

यंदा आभाळ स्वच्छ होतं. काढणी चैत्रात होणार होती. गोंड्यातली दहा टक्क्यांच्या आसपास बोंडं उकलून काळं बी दिसायला लागलं की गोंडे दोन-तीन तोड्यांत, सकाळच्या गारव्यात कापायचे. ऊन चढल्यावर कापले तर बी शेतातच सांडतं. मग ताडपत्रीवर सुकवणं, मळणी आणि उफणणी. कांद्याच्या बियांना आयुष्य कमी. साध्या साठवणीत वर्षभरातच त्यांची उगवणशक्ती झपाट्याने उतरते, म्हणून यंदाचं बी यंदाच विकलं गेलं पाहिजे.

केनवडहून मी रिसोडला आलो. पिंगलाक्षी देवीचं हे गाव तालुक्याची मोठी बाजारपेठ आहे. सोयाबीन, तूर, हळद यांच्या व्यापारावर ती चालते. तालुक्यातल्याच करडा इथे वाशिम जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. बीजवाई करणाऱ्या गावांना ते जवळ असणं ही मोठी सोय आहे. रिसोडहून मालेगावकडे जाताना शिरपूर जैन लागतं. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून जैन भाविक इथे येतात. गावाभोवतीच्या शेतांतून हळद निघत होती, कुठे ती शिजवण्याच्या कढया लागल्या होत्या. हळदीचंही बेणं लावण्याआधी औषधात बुडवतात. गड्डा सशक्त, निरोगी आणि डोळे फुगलेला असावा, हा तिथलाही नियम. मराठवाड्याच्या वसमतपासून इथपर्यंत पसरलेला हा हळदीचा पट्टा आणि केनवडचा कांदा, दोन्हीकडे जमिनीत घालण्याआधीच्या कामाला सारखाच मान आहे.

मालेगावहून मेडशी, पातूर करत रस्ता अकोल्याला उतरतो. पातूरच्या घाटात पळस पेटायला सुरुवात झाली होती. अकोल्यात १९६९मध्ये स्थापन झालेलं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अकोला सफेद ही पांढऱ्या कांद्याची जात याच विद्यापीठाची. राहुरीचं विद्यापीठ आणि राजगुरूनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय यांनीही अनेक जाती दिल्या आहेत. भीमा शक्ती, भीमा किरण, फुले समर्थ ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. पण विद्यापीठाने दिलेली जात म्हणजे मूठभर पैदासकार बियाणं. ते शेकडो क्विंटलांत वाढवताना शुद्ध ठेवायचं काम केनवडसारखी गावं करतात. संशोधकाने दहा वर्षं खपून एकत्र आणलेले गुण दोन-तीन हंगामांच्या हलगर्जीपणाने विस्कटू शकतात.

या प्रवासातून मी दोन गोष्टी मनाशी ठरवून परतलो. पहिली अशी की आकांक्षित म्हणून नोंदलेल्या या जिल्ह्याला मागास म्हणताना आपण थोडं थांबायला हवं. दोन हिवाळ्यांचा हिशेब डोक्यात ठेवून पीक घेणारा, पाचशे मीटरच्या परिघातल्या शेजाऱ्यांना एका जातीवर राजी करणारा आणि फुलोऱ्यात फवारणीचा हात आवरणारा शेतकरी हा या राज्याच्या शेतीतला तज्ज्ञ माणूस आहे. दुसरी गोष्ट मागणीची आहे. हिवाळे उबदार होत चालले आहेत आणि थंडीचं पीक फक्त आभाळाच्या भरवशावर ठेवणं धोक्याचं आहे. बेण्याचा कांदा लागवडीआधी काही आठवडे दहा-बारा अंशांत ठेवता येईल अशी छोटी शीतखोली रिसोड भागातल्या शेतकरी गटांना मिळाली, तर लागवडीचा आणि फुलण्याचा काळ बराचसा त्यांच्या हातात येईल. दिल्लीच्या रस्त्याकडेचा ट्यूलिप चार दिवस डोळ्यांना सुख देतो, त्यासाठी इतकी थंडी मोजून-मापून दिली जाते. केनवडच्या गोंड्यातून निघालेलं बी पुढच्या वर्षी आपल्या ताटात कांदा होऊन येतं. त्याला लागवडीआधीची तेवढीच मोजकी थंडी मिळाली पाहिजे.